पाण्यातला कवडसा

कवडसा तुम्ही सर्वांनी पाहिला असेल. आमचे घर माळवदाचे आहे. वर एक झरोका आहे. सकाळी त्यातून ऊन आत येते तेव्हा चुलीच्या धुरात उजेडाची काठी उभी राहते. आजी घर झाडायला लागली की ती काठी आणखी पांढरी होते. धूळ खाली बसली की पुसट होते. उजेड सरळ निघून जातो, तो आपल्या डोळ्यांत येतच नाही. मध्ये धुळीचा कण आला की थोडा उजेड बाजूला फेकला जातो, आणि तेवढाच आपल्याला दिसतो. याला प्रकाशाचे विकिरण म्हणतात.

असाच कवडसा पाण्यातही पडतो. या पावसाळ्यात आमच्या वर्गाने तो मोजला.

त्याचे कारण असे झाले. आषाढात मोठा पाऊस झाला व कयाधूला पूर आला. शेतातली काळी माती वाहून नदीत आली. गावात जुलाब सुरू झाले. माझा लहान भाऊ दोन दिवस दवाखान्यात होता, त्याला सलाईन लावली होती. माय म्हणाली, विहिरीचे पाणी गढूळ झाले आहे, हापशाचे आणू. आजी म्हणाली, "कशाचं गढूळ? हंड्याचा तळ दिसायलाय की लख्ख!" हापसा लांब आहे आणि पाणी आजीच आणते. दोघींचे भांडण झाले. मी गुरुजींना विचारले, कोणाचे खरे? गुरुजी म्हणाले, नुसते बघून सांगता येणार नाही, मोजावे लागेल.

मग आम्ही एक लिटरच्या सारख्या काचेच्या बाटल्या जमा केल्या. वर्गाची दारे-खिडक्या लावून अंधार केला. बॅटरीच्या काचेवर काळा कागद लावून त्याला एक भोक पाडले. बॅटरी बाटलीच्या एका बाजूने लावायची आणि आपण दुसऱ्या बाजूने, काटकोनात बसून बघायचे. समोरून बघितले तर बॅटरीचेच डोळे दिपतात व काही कळत नाही. काटकोनात बसले की फक्त कणांनी फेकलेला उजेड येतो. गणितातला काटकोन असा कामाला येईल हे मला माहीत नव्हते.

आता मोजायचे कशाने? लांबीला सेंटिमीटर असतो, तसे गढूळपणाला काय? आम्ही दुधाचा थेंब घेतला. फिल्टरच्या जारच्या पाण्यात एका बाटलीत एक थेंब दूध, दुसरीत दोन, असे दहापर्यंत केले. थेंब वाढला की काठी पांढरी होत जाते. मग आपले पाणी या ओळीत कोणत्या बाटलीसारखे दिसते ते बघायचे. हापशाचे पाणी एका थेंबापेक्षाही कमी निघाले. आमच्या विहिरीचे चार थेंब निघाले. म्हणजे मायचे खरे. आजीचेही अगदी खोटे नाही, कारण चार थेंबांच्या बाटलीतून पलीकडचे अक्षर स्वच्छ वाचता येते. ते गढूळपण उजेडात कळत नाही, अंधारातच कळते.

सगळ्यात मजा पुराच्या पाण्याची झाली. आम्हाला वाटले, यात काठी सर्वांत पांढरी दिसेल. पण काठी दिसलीच नाही. बॅटरीजवळ एक तपकिरी डाग आणि बाकी बाटली काळी. आमच्यातला एकजण म्हणाला, "काठी नाही म्हणजे कण नाहीत, मग हेच पाणी सर्वांत चांगलं!" सगळे हसले. पण गुरुजी हसले नाहीत. ते म्हणाले, "नियमाप्रमाणे त्याचे बरोबर आहे, मग नियमात काय राहिले ते शोधा." आम्ही पुष्कळ वेळ विचार केला. मग समजले की कण इतके दाट होते की उजेड आत पोहोचतच नव्हता, आणि थोडा पोहोचला तरी बाहेर येताना दुसरे कण त्याला अडवीत होते. तेव्हा आम्ही ते पाणी पातळ केले. एक वाटी पुराचे पाणी व नऊ वाट्या जारचे. तरी डागच. त्यातली एक वाटी घेऊन पुन्हा नऊ वाट्या जारचे. आता काठी दिसली, पाच थेंबांइतकी. दाहे दाहे शंभर, म्हणून पाच गुणिले शंभर, पाचशे थेंब. गुरुजी म्हणाले की हा अंदाज समजा, कारण दूध पांढरे आणि माती तपकिरी, माती थोडा उजेड खाऊन टाकते.

असे यंत्रही असते. त्यातही दिवा एका बाजूला आणि उजेड मोजणारा डोळा काटकोनात असतो. त्याच्या एककाला एनटीयू म्हणतात. आपल्या देशाच्या नियमात प्यायचे पाणी १ एनटीयूच्या आत असावे, दुसरे पाणीच मिळत नसेल तर ५ पर्यंत चालते. त्याहून जुनी रीत म्हणजे मेणबत्तीवर काचेची उभी नळी धरून वरून पाणी ओतीत जायचे आणि ज्योत दिसेनाशी झाली की किती पाणी झाले ते बघायचे. समुद्रासाठी इटलीतल्या सेकी नावाच्या पाद्र्याने १८६५ साली पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडून बघितली. आम्हीही केले. वडिलांनी पांढरी ताटली उकळत्या पाण्यातून काढून विहिरीत सोडली. दोन हातांवर ती दिसेनाशी झाली. हंडा तर एक हातही खोल नसतो, मग तळ दिसणारच!

जारच्या पाण्यातही फार पुसट रेघ होती. तीही उरलेल्या कणांची असेल. पण पाणी कितीही शुद्ध केले तरी ते थोडा उजेड विखुरतेच, आणि हे आपल्या देशातल्या शास्त्रज्ञाने दाखविले. १९२१ साली सी. व्ही. रामन इंग्लंडहून बोटीने परत येत होते. भूमध्य समुद्र गडद निळा दिसला. तेव्हा लोक म्हणत की आकाशाचे प्रतिबिंब पडते म्हणून समुद्र निळा. रामन यांनी पाण्यावरची चमक अडविणाऱ्या काचेतून बघितले. चमक गेली, निळा रंग राहिला. म्हणजे पाण्याचे रेणूच उजेड विखुरतात. पुढे त्यांनी असेच प्रयोग करता करता २८ फेब्रुवारी १९२८ ला मोठा शोध लावला आणि १९३० चे नोबेल पारितोषिक मिळविले. आपण २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन करतो तो यासाठीच.

आता विहिरीच्या पाण्याचे पुढे काय झाले ते सांगते. काळ्या मातीचे कण फार बारीक असतात आणि एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून दोन दिवस ठेवले तरी ते खाली बसत नाहीत. मायने हंड्यात तुरटी फिरवली. तुरटीने कण एकमेकांना चिकटतात, जड होतात व बसतात. सकाळी वरचे पाणी एका थेंबाच्याही आत आले. गढूळ पाण्यात टीसीएल पावडर टाकली तर जंतू मातीच्या कणांआड लपून वाचतात, म्हणून आधी निवळायचे आणि मग औषध टाकायचे.

आजीने सर्व बघितले व विचारले, "तुझ्या बॅटरीत जंतू दिसतात का गं?" मला उत्तर येईना. गुरुजींनी गावातल्या जलसुरक्षकाकाकांकडून दोन तपासणीच्या बाटल्या आणल्या. त्यात पाणी भरून ठेवायचे, घाण असेल तर ते काळे होते. एकीत विहिरीचे भरले, दुसरीत हापशाचे. दुसऱ्या दिवशी विहिरीचे काळे झाले. तिसऱ्या दिवशी हापशाचेही झाले. सर्वांत कमी थेंबांचे पाणी, तरी काळे! हापशाच्या ओट्याला तडा आहे आणि शेजारी सांडपाणी साचते. थोडे जंतू असले तर ते इतका कमी उजेड फेकतात की बॅटरीत कळत नाही. आजी मायला म्हणाली, "म्हणजे दोघीही चुकलो." आता आमच्याकडे दोन्ही पाणी उकळूनच पितात, आणि ओट्याचा अर्ज वडिलांनी ग्रामपंचायतीत दिला आहे.

या भित्तिपत्रकाखालच्या टेबलावर दहा बाटल्या ठेवल्या आहेत. पालकांनी आपल्या घरचे पाणी शिशीत आणावे, आम्ही थेंब सांगू. बाटल्यांतले पाणी मात्र कोणी पिऊ नये. दूध नासते, म्हणून ते आम्हाला रोज सकाळी नवे करावे लागते.