तीनशेची लेन्स सहाशेची होते का?

कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी काळवीट अभयारण्य १९८० साली जाहीर झालं. क्षेत्रफळ अवघं २.१७ चौरस किलोमीटर. गवताळ माळ, बाभळी, बोरी आणि माणूस जवळ येऊ लागला की लांब सरकणारे कळप. इथे लांब पल्ल्याची लेन्स लागते आणि ती बहुतेक वेळा हातातच पेलावी लागते, कारण ट्रायपॉडचे पाय उघडेपर्यंत नर मान वळवून चालू लागलेला असतो. म्हणूनच छोट्या सेन्सरचे मिररलेस कॅमेरे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हौशी छायाचित्रकारांना खुणावतात, आणि म्हणूनच त्यांच्याबद्दल दोन्ही बाजूंनी अफवाही भरपूर.

छोटा सेन्सर म्हणजे इथे मुख्यतः ‘मायक्रो फोर थर्ड्स’. ऑलिंपस आणि पॅनासॉनिक यांनी २००८ साली हे मानक आणलं. सेन्सर १७.३ × १३ मिमीचा. फुल फ्रेम ३६ × २४ मिमीचा, म्हणजे क्षेत्रफळात जवळपास चौपट. एपीएस-सी या दोघांच्या मधला.

‘एवढासा सेन्सर तर मोबाइलमध्येही असतो.’

नसतो. मोबाइलमधला मोठ्यातला मोठा, ‘एक इंची’ म्हणवला जाणारा सेन्सरसुद्धा १३.२ × ८.८ मिमीचा असतो, मायक्रो फोर थर्ड्सच्या जेमतेम निम्मा. मोबाइलच्या टेली कॅमेऱ्याचा सेन्सर तर त्याहून बराच लहान. हा मुद्दा इथेच सोडू.

‘३०० मिमीची लेन्स या कॅमेऱ्यावर ६०० मिमीची होते.’

दुकानदाराचं हे लाडकं वाक्य. ते पूर्ण खोटं नाही, म्हणून जास्त फसवतं. समजा, १०० मीटरवर काळवीट उभं आहे. खांद्यापाशी त्याची उंची साधारण ८० सेंटिमीटर. ३०० मिमीची लेन्स त्याची २.४ मिमी उंच प्रतिमा तयार करते, मागे सेन्सर कुठलाही असो. लेन्सला सेन्सरचा पत्ता नसतो. फरक चौकटीत पडतो : १३ मिमी उंचीच्या सेन्सरवर ती २.४ मिमीची प्रतिमा मोठी भासते, २४ मिमीच्या सेन्सरवर छोटी. ६०० मिमीसारखी असते ती फक्त चौकट.

मग हे नुसतं क्रॉपिंगच झालं, घरी संगणकावरही कापता येईल, असं दुसरा गट म्हणतो. तेही अर्धवटच. २० मेगापिक्सेलच्या मायक्रो फोर थर्ड्स सेन्सरवर एकेक पिक्सेल सुमारे ३.३ मायक्रॉनचा असतो. त्यामुळे त्या काळविटाच्या उंचीत सुमारे ७२० पिक्सेल बसतात. ४५ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर तीच लेन्स लावली तर साडेपाचशे, २४ मेगापिक्सेलवर चारशेच्या आसपास. प्राण्याच्या वाट्याला आलेले पिक्सेल खरोखर वाढतात. कान, पापणी, शिंगाचे पीळ यांत तो फरक दिसतो.

दिसतो, पण सकाळी. नगरच्या माळावर ऊन चढलं की जमिनीलगतची हवा थरथरू लागते. मग सातशे पिक्सेल त्या थरथरीचाच बारकाईने फोटो काढतात. अशा फोटोंचं खापर हमखास सेन्सरवर किंवा ऑटोफोकसवर फुटतं. दुपारी बारा वाजता दीडशे मीटरवरून काढलेला फोटो कुठल्याही कंपनीच्या कुठल्याही कॅमेऱ्यावर सुस्पष्ट येत नाही. सूर्य वर येण्याआधी पोहोचा. त्याला पैसे पडत नाहीत.

‘एफ/४ इथे खरं तर एफ/८ असतं, म्हणून उजेड कमी पडतो.’

एक्सपोजर बदलत नाही. त्याच शटर स्पीडला आणि त्याच आयएसओला एफ/४ हे कुठल्याही सेन्सरवर एफ/४च. बदलतात दोन गोष्टी. एकाच चौकटीत फोकसमध्ये राहणारी खोली फुल फ्रेमवरच्या एफ/८ इतकी वाढते, त्यामुळे मागचं गवत तितकं विरघळत नाही. आणि सेन्सर लहान असल्याने त्यावर गोळा होणारा एकूण प्रकाश घटतो, म्हणून अंधारात दाणे लवकर दिसतात. हा तोटा सुमारे दोन स्टॉपचा असतो.

पण थोडं थांबून लेन्सच्या तोंडाकडे पाहा. ३०० मिमी एफ/४ म्हणजे ७५ मिमी व्यासाचं प्रवेशद्वार. ६०० मिमी एफ/४ म्हणजे १५० मिमीचं, प्रकाश चौपट. तो चौपट प्रकाश फुकट मिळत नाही : ऑलिंपसची ३०० मिमी एफ/४ ट्रायपॉड कॉलरशिवाय १,२७० ग्रॅम, तर कॅननची ईएफ ६०० मिमी एफ/४ ची तिसरी आवृत्ती ३,०५० ग्रॅम. मोठा सेन्सर अंधारात सरस ठरतो, पण त्यापुढे मोठी लेन्स असेल तर. तीच ३०० मिमीची लेन्स दोन्ही कॅमेऱ्यांवर लावून तेच काळवीट तितक्याच अंतरावरून टिपलं, तर काळविटाच्या वाट्याला येणारा प्रकाश सारखाच. मोठ्या सेन्सरवर पडणारा जादा प्रकाश भोवतालच्या गवताचा असतो.

हे एवढं लांबवायचं कारण म्हणजे निम्म्या चर्चा सेन्सरवर होतात आणि निर्णय लेन्स घेते.

आता जायकवाडीकडे. जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयाचा फुगवटा शेवगाव तालुक्यात येतो. जायकवाडी पक्षी अभयारण्य १९८६ चं. हिवाळ्यात रोहित आणि पट्टकदंब येतात. उघडं पाणी, मोकळं आकाश, भरपूर उजेड. इथे छोट्या सेन्सरचा तोटा जवळजवळ जाणवत नाही, आणि डोक्यावरून जाणाऱ्या थव्यामागे हलकी लेन्स फिरवणं फार सोपं जातं. उलट अकोले तालुक्यात कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या दाट झाडीत, पावसाळी संध्याकाळी, तोच कॅमेरा धापा टाकतो.

‘स्टॅबिलायझर इतका चांगला आहे की शटर स्पीड कमी चालतो.’

या कॅमेऱ्यांचं बॉडीतलं स्टॅबिलायझेशन खरंच उत्तम असतं. पण ते तुमचा हात स्थिर करतं, प्राणी नाही. काळवीट ताशी ८० किलोमीटरपर्यंत धावतं, म्हणजे सेकंदाला २२ मीटर. १/२५० सेकंदात ते जवळपास ९ सेंटिमीटर पुढे गेलेलं असतं, १/२००० ला एक सेंटिमीटरच्या किंचित वर. बसलेल्या धाविक पक्ष्यासाठी १/२०० चालेल. उधळलेल्या कळपासाठी चालणार नाही.

‘सेकंदाला पन्नास फोटो, म्हणजे खेळासाठी हाच.’

२०२२ साली आलेला मायक्रो फोर थर्ड्सचा ओएम-१ कॅमेरा फोकसचा माग ठेवत सेकंदाला ५० फोटो काढतो, आणि बॅटरी-कार्डसकट वजन ५९९ ग्रॅम. शिवाय ‘प्रो कॅप्चर’ : बटण अर्धं दाबून ठेवलं की कॅमेरा चित्रं साठवत राहतो आणि पूर्ण दाबल्यावर त्याआधीचे क्षणही हाती लागतात. कुस्तीसाठी ही सोय अफलातून आहे. पहिलवान चितपट होतो तो क्षण आपल्या बोटापेक्षा नेहमीच वेगवान असतो.

२०२५ च्या सुरुवातीला महाराष्ट्र केसरी स्पर्धा अहिल्यानगरच्या वाडिया पार्कात झाली आणि पृथ्वीराज मोहोळ विजेता ठरला. अशा स्पर्धांच्या मोठ्या लढती बहुधा दिव्यांच्या उजेडात होतात, आणि तिथे वेगाचा दुसरा चेहरा दिसतो. हा सगळा वेग इलेक्ट्रॉनिक शटरचा. एलईडी दिवे लुकलुकत असतात, त्यामुळे फोटोवर आडवे पट्टे उमटतात. सेन्सर एकेक ओळ वाचत जातो, त्यामुळे जोरात फिरणारा हात किंवा बॅट वाकडी दिसू शकते. दिव्यांखाली मेकॅनिकल शटर लावा, वेग कमी झाला तरी चालेल. बंदिस्त सभागृहातली कबड्डी तर याहून अवघड. तिथे एफ/५-६.३ ची १००-४०० झूम पिशवीतच राहू द्या. ४०-१५० मिमी एफ/२.८ किंवा ७५ मिमी एफ/१.८ बरी, दुसरी तर ३०५ ग्रॅमचीच. तरीही कबड्डी हेच मुख्य काम असेल तर मी फुल फ्रेम घ्यायला सांगेन.

‘हलकं हवं तर दुसरा पर्यायच नाही.’

दहा वर्षांपूर्वी हे बरंचसं खरं होतं. आता निकॉनची ६०० मिमी एफ/६.३ फुल फ्रेमची असूनही कॉलरशिवाय १,३९० ग्रॅमची आहे आणि ऑलिंपसच्या ३०० एफ/४ पेक्षा थोडा जास्तच प्रकाश घेते. किंमत मात्र चांगलीच जड. आणि ऑलिंपसने कॅमेऱ्यांचा व्यवसाय जानेवारी २०२१ मध्ये दुसऱ्या कंपनीकडे सोपवला म्हणून ही लेन्समालिका बंद पडली, असंही नाही. ती ओएम सिस्टीम नावाने चालू आहे.

घ्यायचा विचार असेल तर बॉडी मागच्या पिढीची, वापरलेली घ्या आणि वाचलेले पैसे लेन्समध्ये घाला. त्याआधी पुण्याहून दोन दिवस भाड्याने आणून एक पहाट रेहेकुरीत आणि एक संध्याकाळ तुमच्या गावच्या आखाड्यात वापरून पाहा. तिथले फोटो पटले नाहीत, तर दुकानदाराने काहीही सांगितलं तरी घेऊ नका.