बुरशीच्या कातड्याला हिरड्याचा रंग

पाव शिळा झाला की त्यावर बुरशी चढते आणि तो उकिरड्यावर जातो. स्वीडनमधील बोरोस विद्यापीठाच्या संशोधकांनी मात्र दुकानात न खपलेला पाव वाळवून चुरला, पाण्यात कालवला आणि टाकीत आंबवून त्यावर रायझोपस डेलेमार ही बुरशी मुद्दाम वाढवली. दोन दिवसांनी तिचे तंतू काढून पातळ ताव केले आणि झाडांपासून मिळणाऱ्या टॅनिनने ते कमावले. त्यातून चामड्यासारखा पदार्थ तयार झाला. २०२२ साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या परिषदेत हे काम मांडण्यात आले.

शेतकरी बंधू-भगिनींनो, तुम्ही म्हणाल, त्याचं आपल्याला काय? टॅनिन म्हणजे तोंडाला लागणारा तुरटपणा. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातला हिरडा, बांधावरच्या बाभळीची साल, डाळिंबाची टाकून दिलेली साल, या सगळ्यांत ते भरपूर असते. कातडी कमावणारे आणि कापड रंगवणारे पिढ्यान् पिढ्या तेच वापरत आले. बुरशीच्या तंतूंत कायटिन असते, खेकड्याच्या कवचात असते तेच. त्यापासून होणारे कायटोसन रंग चांगला धरते.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. पावावरची बुरशी घरी वाढवू नका. कोविडनंतर २०२१ मध्ये आपल्याकडे म्युकरमायकोसिसने अनेकांचे डोळे गेले, जीव गेले. तो आजार करणाऱ्या बुरशींत रायझोपसही येते. मधुमेही माणसाला तिचा धोका जास्त.

प्रयोग करायचाच तर धिंगरी अळिंबीवर करा. शेवटची तोडणी झालेल्या पिशवीतला स्वच्छ पांढरा थर पातळ कापून घ्या. हिरवा-काळा डाग दिसला तर ती पिशवी सरळ पुरून टाका. काम करताना तोंडाला फडके बांधा. तुकडे अर्धा तास वाफवून वाळवा. एक लिटर पाण्यात शंभर ग्रॅम डाळिंबाची साल अर्धा तास उकळून गाळा आणि निम्मे तुकडे त्यात रात्रभर ठेवा. बाकीचे हिरड्याच्या काढ्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी प्रत्येकातला एक तुकडा तुरटीच्या आणि एक हिराकसीच्या पाण्यात बुडवा. सुती कापडावर डाळिंब साल व तुरटीने पिवळा, तर हिरडा व हिराकसीने काळपट रंग येतो. बुरशीवर कोणता येतो, ते लिहून ठेवा. या कामाची भांडी स्वयंपाकाला परत वापरू नका.

मग तुकडे धुवा, ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहा, अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून आठ दिवस उन्हात ठेवा. रंग टिकला तरच पुढची गोष्ट.

याला आज गावपातळीवर बाजार नाही. "बुरशीचं कातडं विकत घेतो, आधी पैसे भरा" म्हणत कोणी आला, तर त्याला चहा पाजा, पण पैसे देऊ नका. बचत गटाने चार तुकड्यांवर प्रयोग करावा आणि ग्रामसेवकांनी नोंदी जपाव्यात. खर्च तुरटी-हिराकसीपुरताच आहे.