घरातील यंत्रे (लेखांक 7) : एसी दुरुस्त करावा की बदलावा?

एसी थंड करेनासा झाला की बहुतेक घरांत पहिला अंदाज ‘गॅस संपला’ असा असतो आणि दुसरा ‘आता नवाच घ्यावा’ असा. दोन्ही अंदाज निदानाच्या आधीचे असतात. बिघाड कशात आहे, यंत्र किती जुने आहे आणि ते वर्षाला किती तास चालते, हे ओळीने पाहिले की निर्णय बराच सोपा होतो.

काही बिघाड किरकोळ असतात. फिल्टर किंवा कॉइल धुळीने चोंदली की हवा कमी येते. ड्रेन पाइप तुंबला की इनडोअर युनिटमधून पाणी गळते. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीत कॉम्प्रेसर सुरू होताना नुसता घुमतो आणि काही सेकंदांत बंद पडतो, तेव्हा पहिला संशय कपॅसिटरवर घ्यावा. त्यावर छापलेला मायक्रोफॅरडचा आकडा आणि मीटरवर दिसणारा आकडा यांत मोठी तफावत असेल, तर तो बदलावा. असा सुटा भाग काहीशे रुपयांत येतो. एवढ्यासाठी एसी बदलण्याचे कारण नाही, मग तो कितीही जुना असो.

गॅसचे प्रकरण वेगळे. तो बंद नळ्यांतून फिरतो आणि वापराने संपत नाही. कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे. गळतीच्या जागी अनेकदा तेलकट डाग दिसतो, कारण कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबर बाहेर येते. नळ्यांत दाबाने नायट्रोजन भरून सांध्यांवर साबणाचा फेस लावला की फुगे येतात आणि जागा सापडते. सैल फ्लेअर नट असेल, तर काम थोडक्यात आटोपते. गळती बंद करून, व्हॅक्युम पंपाने नळ्यांतली हवा व ओल काढून, मग वजनाने मोजून गॅस भरावा. नुसता टॉपअप केला, तर पुढच्या उन्हाळ्यात तोच खर्च पुन्हा उभा राहतो.

कॉइलच सडली असेल, तर खर्च वाढतो. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या किनारपट्टीवर खारी हवा आउटडोअर युनिटची कॉइल पोखरते. उघड्या नाल्यांतून येणारा हायड्रोजन सल्फाइड तांब्याला काळे पाडून झिजवतो. एक भोक बुजवले की दुसरे पडते, म्हणून अशा वेळी डागडुजी करत बसण्यापेक्षा पूर्ण कॉइल बदलण्याचा हिशेब करावा. कॉम्प्रेसर किंवा इन्व्हर्टर एसीचा पीसीबी (सर्किट बोर्ड) गेला, तर आधी हमीपत्र काढावे. बऱ्याच कंपन्या कॉम्प्रेसरवर 10 वर्षांपर्यंत हमी देतात. मात्र गॅस आणि मजुरीचे पैसे अनेकदा ग्राहकालाच द्यावे लागतात.

मोठी दुरुस्ती निघाली की विजेचा हिशेब करावा. बीईईच्या (ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) तारांकित लेबलवरील वार्षिक वीजवापर 1600 तासांसाठी असतो. त्याच लेबलवर आयएसईईआर हा कार्यक्षमतेचा आकडा असतो; तो जितका जास्त, तितकी वीज कमी लागते. त्यानुसार दीड टनाचा, 3.5 आयएसईईआरचा एसी वर्षाला साधारण 1,100 युनिट घेतो, तर 5.0 आयएसईईआरचा सुमारे 780. युनिटला 12 रुपये धरले, तर वर्षाला जवळपास 4,000 रुपये वाचतात. नवा एसी 40 हजारांना आणि दुरुस्ती 15 हजारांना पडते असे मानले, तर वरचे 25 हजार सुमारे साडेसहा वर्षांत वसूल होतात. तोच एसी फक्त एप्रिल-मेच्या रात्री, वर्षाला 400 तास चालत असेल, तर बचत हजारावर येते आणि वसुलीला 25 वर्षे लागतात. केवळ बिल कमी व्हावे म्हणून धडधाकट एसी काढणे सहसा परवडत नाही ते यामुळेच.

तुलना करताना ताऱ्यांपेक्षा आयएसईईआरचा आकडा पाहावा. जुलै 2022 मध्ये ताऱ्यांचे निकष कडक झाले; 4.5 आयएसईईआरच्या स्प्लिट एसीला आधी पाच तारे मिळत, तिथे चारच मिळू लागले.

आउटडोअर युनिटच्या पट्टीवर आर-22 लिहिलेले असेल, तर बदलण्याकडे कल ठेवावा. मॉन्ट्रियल करारानुसार हा गॅस टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. त्याच्या जागी नव्या एसींतला आर-32 भरता येत नाही: आर-32चा दाब बराच जास्त असतो आणि तो काही प्रमाणात ज्वलनशीलही आहे. आर-22च्या यंत्राचा कॉम्प्रेसर किंवा कॉइल गेली, तर पैसे घालू नयेत.

थोडक्यात, दहा वर्षांच्या आसपासच्या यंत्राच्या दुरुस्तीला नव्याच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्च येत असेल, तर ते बदलावे; नवे असेल किंवा क्वचित चालत असेल, तर दुरुस्त करावे. नव्याच्या किमतीत स्टँड, तांब्याची जादा नळी आणि बसवण्याची मजुरी धरावी. जुना एसी भंगारवाल्याकडे दिला, तर तांब्यासाठी नळी कापून गॅस हवेत सोडला जाण्याची भीती असते; म्हणून तो कंपनीच्या एक्स्चेंज योजनेत किंवा नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावा.