तीन दरवाजांची मुंबई

नागपूरचा माणूस मुंबईस प्रथम जातो तो बहुधा कामाचे बोट धरून जातो. मंत्रालयात अडकलेली नस्ती, मुलाची मुलाखत, परळच्या रुग्णालयात पडलेल्या आप्ताची विचारपूस, अशा कोणत्या तरी निमित्ताने तो विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसतो, सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतो, टॅक्सी करून काम उरकतो, आणि उरलेल्या वेळात सिद्धिविनायक, हाजी अली व जुहूची चौपाटी येथे हजेरी लावून रात्रीच्या गाडीने परत फिरतो. नागपुरातील आमच्या महाल वस्तीतील एक वयोवृद्ध गृहस्थ, ज्यांनी पेन्शनीच्या प्रकरणापायी मुंबईच्या अनेक खेपा घातल्या होत्या, मला एकदा अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "मुंबईला समुद्र आहे म्हणतात, आपल्याला तर काही दिसला नाही बा." त्यांची तक्रार मला रास्त वाटते. मुंबई हे बेट आहे आणि ते एका बंदरामुळे वसले, ही गोष्ट मुंबईकरही विसरून गेले आहेत, तेथे आठशे किलोमीटरांवरून आलेल्या पाहुण्यास ती कोणी सांगावी?

म्हणून जे प्रथमच केवळ मुंबई पाहण्याच्या हेतूने निघणार असतील त्यांना माझे सांगणे असे की, महामुंबईच्या अफाट विस्ताराचा नाद सोडावा, आणि जुन्या कोटाच्या आत वसलेली जेमतेम मैलभर लांबीची मुंबई पायी पाहावी. टर्मिनसपासून गेट वे ऑफ इंडियापर्यंत सरळ गेल्यास अंतर अडीच-तीन किलोमीटरांच्या पलीकडे नाही. बडकस चौकातून गांधी गेटपर्यंत रोज रपेट करणाऱ्या माणसास ते कठीण वाटू नये.

पूर्वपीठिका थोडक्यात आटोपतो, कारण ती शाळेच्या पुस्तकात आहे. सात बेटे, त्यांवर कोळ्यांची वस्ती आणि मुंबादेवी, मग गुजरातचे सुलतान, १५३४च्या वसईच्या तहाने पोर्तुगीज, १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहाच्या करारात मुंबई इंग्लंडच्या राजाकडे, आणि १६६८ साली त्याने ती कंपनी सरकारास वार्षिक दहा पौंड खंडाने दिलेली. पुढे खाड्या बुजवून बेटे सांधली गेली. इतके पुरे. मात्र येथे एक साम्य सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. आमचे नागपूरही असेच सांधून झालेले शहर आहे: देवगडच्या बख्त बुलंद शाहाने अठराव्या शतकाच्या आरंभी बारा वाड्या एकत्र करून ते वसविले, आणि त्याच्या चांद सुलतान नामक पुत्राने त्याभोवती तट घातला व जुम्मा तलाव बांधला. तो तट गेला. त्याचा जुम्मा दरवाजा मात्र गांधी गेट या नावाने महालाच्या तोंडाशी अद्याप उभा आहे. मुंबईत नेमके उलट घडले. तेथे तट गेला, दरवाजेही गेले, आणि उरली ती केवळ नावे.

या नावांनीच फिरावे. कोटास जमिनीच्या बाजूने तीन दरवाजे होते: उत्तरेस बाजार गेट, पश्चिमेस चर्चगेट आणि दक्षिणेस अपोलो गेट. पूर्वेस बंदर होते. १८६२ साली बार्टल फ्रियर गव्हर्नर होऊन आले आणि त्यांच्या अमदानीत हा तट पाडला गेला. योगायोग असा की, गोविंद नारायण माडगांवकरांचे 'मुंबईचे वर्णन' हे पुस्तक १८६३ साली, म्हणजे ऐन पाडापाडीच्या दिवसांत प्रसिद्ध झाले. मुंबईवर इंग्रजीत पुढे पुष्कळ ग्रंथ झाले, परंतु या नगरीचे पहिले सांगोपांग चरित्र एका मराठी माणसाने मराठीत लिहिले, याचा अभिमान वाटण्यास हरकत नाही. प्रवासास निघण्यापूर्वी ते चाळून जावे. प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांपेक्षा ते अधिक उपयोगी पडते.

टर्मिनसच्या बाहेर पडल्यावर मागे वळून इमारत पाहून घ्यावी. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांची ही रचना आणि १८८७ हे तिचे साल सर्वांस ठाऊक असते. तिच्या पाठीमागे सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात १७६९ सालच्या सेंट जॉर्ज किल्ल्याचा अवशेष तग धरून आहे, हे मात्र गाडी पकडणाऱ्या लक्षावधी लोकांच्या गावीही नसते. ज्याला कोट म्हणतात तो प्रत्यक्ष दगडांत पाहायचा असेल तर येथेच पाहावा. मग टपाल कचेरीजवळून जुन्या बाजार गेटच्या रस्त्याने, म्हणजे आजच्या पेरिन नरिमन मार्गाने, दक्षिणेकडे चालू लागावे. कोटाच्या या उत्तर भागात एतद्देशीयांची दाट वस्ती असे आणि दक्षिण भागात साहेब लोक राहत. १८०३च्या फेब्रुवारीत या उत्तर भागास प्रचंड आग लागली आणि त्यानंतर तटाबाहेरची मुंबई झपाट्याने वाढली. आजही हा रस्ता अरुंद, गजबजलेला आणि किंचित अव्यवस्थित आहे, आणि इतवारीत वाढलेल्या मनुष्यास तेथे परकेपणा वाटत नाही.

आता मी ज्या ठिकाणासाठी हा सारा प्रपंच मांडला तेथे येतो. हा रस्ता संपवून आपण ज्या वर्तुळाकार बागेपाशी पोहोचतो तिला हॉर्निमन सर्कल म्हणतात. पूर्वेस टाऊन हॉल, पश्चिमेस सेंट थॉमस चर्च, आणि दोहोंच्या मध्ये अर्धचंद्राकार कमानींच्या ओळी. मुंबईत मला कोणी एकच तास दिला तर तो मी येथे घालवीन. त्याचे कारण वास्तुशिल्प नव्हे, कापूस आहे.

माझे आजोळ हिंगणघाटचे. हंगामात अंगणात वेचणीचा कापूस पडे, रेच्यांवर सरकी वेगळी होई, आणि माळ्यावर एक गंजलेला पत्र्याचा साचा असे, ज्याच्या छिद्रांवरून शाईचा बोळा फिरविला म्हणजे गाठीच्या तरटावर मालकाची अक्षरे उमटत. ती गाठ मुंबईस जाते एवढेच आम्हां मुलांना माहीत होते. मुंबईत ती कोठे जाते, हे कळण्यास मला पन्नाशी उजाडावी लागली. टाऊन हॉलसमोरची ही आजची बाग एके काळी मोकळे मैदान होते आणि त्यावर कापसाच्या गाठींचे ढीग रचलेले असत. १८४४ साली हा बाजार येथून कुलाब्यास हलविण्यात आला, आणि पुढे शिवडीच्या बाजूस, जेथे आज हार्बर मार्गावर कॉटन ग्रीन नावाचे स्थानक आहे. ओस पडलेल्या या मैदानाभोवती वर्तुळ उभारण्याची कल्पना पोलीस कमिशनर चार्ल्स फोर्जेट यांची. ते १८७०च्या सुमारास पुरे झाले. आधीचे नाव एल्फिन्स्टन सर्कल. स्वातंत्र्यानंतर ते 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक हॉर्निमन यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले.

आमचा कापूस मात्र या मैदानावर उशिरा आला. आगगाडी होण्यापूर्वी वर्धा खोऱ्यातील रुई बैलांच्या पाठीवर लादून गंगाकाठच्या मिर्झापूरला जात असे. वाटेत धूळ, पाऊस आणि महिनोन्महिन्यांचा मुक्काम, यांतून ती कोणत्या रंगाची होऊन पोहोचत असेल याची कल्पनाच केलेली बरी. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लिव्हरपूलचा अमेरिकन कापूस बंद झाला, आणि मुंबईच्या पेढ्यांवर सोन्याचा पाऊस पडू लागला. त्या पैशांतून बँका निघाल्या, समुद्र बुजविण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि टाऊन हॉलसमोरच्या वडांखाली जमणाऱ्या मूठभर दलालांच्या मेळ्याची मोठी जत्रा झाली. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, आणि कालपर्यंतचे कुबेर दिवाळखोरीच्या अर्जांवर सह्या करू लागले. नागपूरपर्यंत आगगाडी आली ती १८६७ साली, म्हणजे पंक्ती उठल्यानंतर! तथापि त्यापुढच्या काळात हिंगणघाटी कापसाने मुंबईच्या बाजारात स्वतःच्या नावाने भाव मिळविला, आणि दक्षिण मुंबईतील भव्य इमारतींपैकी कित्येकींच्या पायात काळ्या मातीतल्या त्या बोंडांचा अंश आहे असे मी समजतो. इतिहासकारांनी मला हिशेब विचारू नये.

टाऊन हॉलच्या तीस पायऱ्या हे येथील उत्तम आसन होय. ही इमारत १८३३ साली पुरी झाली. डोरिक धाटणीचे तिचे स्तंभ पाहून ग्रीक देवालयाचा भास होतो. आत एशियाटिक सोसायटी आहे, जिचे मूळ १८०४ साली जेम्स मॅकिंटॉश यांनी स्थापिलेल्या साहित्यसभेत आहे. डान्टेच्या महाकाव्याची जुनी हस्तलिखित प्रत, सोपाऱ्याच्या स्तूपातून १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी बाहेर काढलेले अवशेष, आणि नाना शंकरशेटांचा पुतळा, एवढे या एका छपराखाली आहे. पायऱ्यांवर दुपारी डबे उघडतात. तेथे एकदा माझ्या शेजारी बसलेल्या एका बँकेतील कारकुनाने मला थालिपिठाचा तुकडा देऊन विचारले, "नागपूरहून खास हे बघायला आलात?" होकार दिल्यावर तो बराच वेळ समोरच्या बागेकडे पाहत राहिला. त्याचा नोकरीचा सारा काळ याच वर्तुळाच्या काठी गेला होता.

समोरच्या चर्चमध्ये अवश्य जावे. १७१८च्या नाताळात त्याचे उद्घाटन झाले. भिंतींवर संगमरवरी स्मारकांची दाटी आहे. कोणी आरमारी लढाईत पडलेला, कोणी ज्वराने गेलेला, आणि वये वाचावी तर ऐन पंचविशी-तिशीची. या बेटाची हवा त्या काळी कशी होती, याचा याहून बोलका दप्तरी पुरावा नाही.

चर्चपासून पश्चिमेस जो रस्ता जातो तो ज्या दरवाजास मिळे तो चर्चगेट. आजचे त्या नावाचे स्थानक पुष्कळ पुढे आहे. दरवाजा होता तेथे १८६४चे फ्लोरा फाउंटन आहे आणि शेजारी हुतात्मा स्मारक. संयुक्त महाराष्ट्रासाठी या परिसरात रक्त सांडले. नागपूरकराच्या मनात येथे दुहेरी भावना उठते. ज्या राज्यासाठी हे बलिदान झाले त्या राज्याच्या घडणीत आमच्या शहराचे राजधानीपद गेले. तरीही येथे मान लवतेच, आणि लवावी. जवळच विद्यापीठाचा २८० फुटी राजाबाई मनोरा आहे, तोही कापसाचाच: प्रेमचंद रायचंद या कापूस व शेअरबाजाराच्या बादशहाने आपल्या मातेच्या नावासाठी त्यास दोन लाख रुपये दिले, आणि ग्रंथालयासाठी आणखी दोन लाख. काळा घोडा, डेव्हिड ससून ग्रंथालय, जहांगीर कलादालन, वस्तुसंग्रहालय हे पुढचे टप्पे. वस्तुसंग्रहालयास अर्धा दिवस लागतो, तो दुसऱ्या दिवशी काढावा.

तिसरा दरवाजा, अपोलो, नौदलाच्या गोदीच्या लायन गेटच्या आसपास होता. गोदीत सामान्यांस प्रवेश नाही, परंतु तिच्या भिंतीपाशी क्षणभर थांबावे. १७३६च्या सुमारास सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांनी व त्यांच्या वंशजांनी या भिंतीआड मलबारी सागवानाची जहाजे बांधली. त्यांपैकी 'कॉर्नवॉलिस' या जहाजावर १८४२ साली नानकिंगचा तह होऊन हाँगकाँग इंग्रजांकडे गेले, आणि १८१७चे 'ट्रिंकोमाली' इंग्लंडात हार्टलपूल येथे अद्याप तरंगत आहे.

तेथून चार पावलांवर गेट वे आणि ताजमहाल हॉटेल. पाहुणे कमानीचे छायाचित्र घेतात; महालातील मनुष्याने आधी हॉटेलाकडे पाहावे. ते १९०३चे, कमान १९२४ची, म्हणजे हॉटेल थोरले. ते उभारणाऱ्या जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपूरच्या जुम्मा तलावाजवळ एम्प्रेस मिल सुरू केली, आणि त्यांच्या उद्योगाचा पाया त्या गिरणीने भक्कम केला. दलदलीची ती जागा भरून काढण्यासाठी कर्ज देण्यास एका स्थानिक सावकाराने नकार दिला, कारण सोने मातीत घालणाऱ्यास पैसा द्यावा कसा. आणि पुढे त्यानेच कबूल केले की या गृहस्थाने माती घालून सोने काढले, असे सांगतात. आमच्या लहानपणी त्या मिलच्या भोंग्यावर महालातली घड्याळे लावली जात. गिरणी गेली, भोंगा गेला, हॉटेल आहे.

समुद्राविषयी एक हिशेब सांगतो, जो किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांस पाऊणकीसारखा तोंडपाठ असतो. त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करावी. जो आकडा येतो त्या तासाच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, आणि पौर्णिमा-अमावास्येस बाराच्या सुमारास. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजावे. भरतीच्या व ओहोटीच्या वेळी, असे दोनदा, गेट वेच्या पायऱ्यांपाशी जावे; सकाळी बुडालेल्या पायऱ्या दुपारी शेवाळासकट उघड्या पडलेल्या दिसतात, आणि आमच्या त्या पेन्शनर शेजाऱ्यांस जो भेटला नाही तो समुद्र म्हणजे काय, हे तेव्हा समजते. तलावाच्या काठी वाढलेल्या आम्हां लोकांना पाणी दिवसातून दोनदा जागा सोडते, ही गोष्ट डोळ्यांनी पाहिल्यावाचून पटत नाही.

आता व्यवहाराचे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. कोटातील रस्ते रविवारी सकाळी मोकळे असतात, परंतु कचेऱ्यांची लगबग पाहायची असेल तर कामाचा दिवस निवडावा. जोडे जुने, पायाला सरावलेले असावेत. भूक लागल्यास इराण्याकडे बन-मस्का आणि चहा घ्यावा. तर्री-पोह्यांची आठवण काढू नये, मनस्ताप होतो. घारापुरीस जायचे असल्यास सकाळची पहिली बोट गेट वेवरून धरावी, सुमारे तासाभरात ती पोहोचविते, आणि परतताना मुंबई बेटाचा जो पूर्व किनारा दिसतो तो जमिनीवरून कधीच दिसत नाही. लेणी सोमवारी बंद असतात, तेव्हा तिकीट काढताना वार पाहून घ्यावा.