फुप्फुसातील गाठ : एका चित्रावरून निवाडा नको

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली या उपनगरांतील व्यापारी कुटुंबांत वार्षिक आरोग्यतपासणी आता चांगलीच रुळली आहे. कधी लांबलेला खोकला, कधी शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी, कधी हृदयासाठी काढलेला सीटी स्कॅन. निमित्त कोणतेही असो, अहवालाच्या तळाशी एखादी अनपेक्षित ओळ येते : उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात ७ मिलिमीटरची गाठ. त्या एका शब्दाने घराची झोप उडते. मग कोणी दुसऱ्याच दिवशी बायोप्सीचा आग्रह धरतो, तर कोणी ‘आपल्या घरात विडी-सिगारेटला कोणी शिवत नाही’ असे म्हणून अहवाल कपाटात ठेवून देतो. हे दोन्ही मार्ग धोक्याचे आहेत.

वैद्यकाच्या भाषेत ३ सेंटिमीटरपर्यंतच्या गोलसर ठिपक्याला नोड्यूल म्हणतात. लहान नोड्यूलांपैकी बहुसंख्य कर्करोगाचे नसतात. आपल्याकडे क्षयरोगाचा प्रादुर्भाव मोठा असल्यामुळे बऱ्या झालेल्या जंतुसंसर्गाचा व्रण म्हणूनही असा ठिपका वर्षानुवर्षे राहतो. त्याच्या मध्यभागी किंवा सर्वत्र चुना साठलेला दिसला, तर तो सहसा निरुपद्रवी ठरतो. उलट, काटेरी कडा, वरच्या खंडातील स्थान आणि वाढता आकार यांमुळे संशय बळावतो.

आकारानुसार पुढे काय करावे, यासाठी फ्लाइश्नर सोसायटीची २०१७ सालची मार्गदर्शक तत्त्वे जगभर वापरली जातात. एकच घन गाठ ६ मिलिमीटरहून लहान असेल आणि व्यक्तीचा धोका कमी असेल, तर नेहमीच्या पुनर्तपासणीची गरज नसते. ६ ते ८ मिलिमीटरच्या गाठीसाठी ६ ते १२ महिन्यांनी पुन्हा सीटी स्कॅन सुचवला जातो. त्याहून मोठ्या गाठीबाबत तीन महिन्यांनी स्कॅन, पेट स्कॅन किंवा बायोप्सी यांचा विचार होतो. ही तत्त्वे ३५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आहेत. आधी कर्करोग झालेल्या किंवा प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या रुग्णांना ती लागू होत नाहीत.

मात्र डोळ्यांनी केलेले मोजमाप फसवे असते. गाठीचा व्यास ६ वरून ७.५ मिलिमीटर झाला, तर फरक नगण्य वाटतो. पण तिचे घनफळ जवळजवळ दुप्पट झालेले असते. संगणकाचे खरे काम येथे सुरू होते. सीटी स्कॅनच्या शेकडो पातळ छेदांतून तो गाठीची सीमा आखतो, घनफळ काढतो, घनता व कडांचा पोत तपासतो आणि जुन्या स्कॅनशी ताळा जुळवतो. व्यापाऱ्याला एका दिवसाच्या रोजमेळावरून धंद्याची दिशा कळत नाही. मागच्या वर्षीची शिल्लक समोर असावी लागते. गाठीचेही तसेच आहे. घन गाठ दोन वर्षे जशीच्या तशी राहिली, तर ती बहुधा निरुपद्रवी मानली जाते. धुरकट काचेसारखी दिसणारी गाठ मात्र संथ वाढते, म्हणून तिच्यावर पाच वर्षांपर्यंत लक्ष ठेवावे लागते.

या क्षेत्रात मुंबईचाही वाटा आहे. २०१६ साली येथे सुरू झालेल्या क्युअर डॉट एआय या कंपनीची प्रणाली छातीच्या साध्या एक्स-रेवरील संशयास्पद ठिपके दाखवून देते. टाटा स्मारक रुग्णालयाने कर्करोगाच्या चित्रांचा संग्रह उभारण्याचे काम हाती घेतले असून त्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचाही समावेश आहे. पवईची आयआयटी या कामात सहभागी आहे.

भारतीय चित्रांचा असा संग्रह आवश्यक का, हे समजून घेतले पाहिजे. २०१३ साली कॅनडातील संशोधकांनी वय, लिंग, कुटुंबातील कर्करोग, गाठीचा आकार, स्थान व कडा यांवरून धोक्याची टक्केवारी काढणारे सूत्र मांडले. ते आजही प्रमाण मानले जाते. पण ते धूम्रपान करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या लोकांच्या तपासणीतून घडले आहे. टाटा स्मारक रुग्णालयातील फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांविषयी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्याहून अधिक रुग्ण धूम्रपान न करणारे होते. म्हणजे परदेशी सूत्र एकीकडे क्षयाच्या व्रणाला कर्करोग समजू शकते, तर दुसरीकडे निर्व्यसनी गृहिणीचा धोका कमी लेखू शकते. निर्व्यसनी जीवन हे मोठे संरक्षण आहे, अभयपत्र नव्हे.

याचा अर्थ प्रत्येकाने सीटी स्कॅन काढत सुटावे, असाही नाही. अमेरिकेत ५५ ते ७४ वयोगटातील, दीर्घकाळ धूम्रपान केलेल्या ५३ हजारांहून अधिक व्यक्तींवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. कमी किरणोत्साराच्या सीटी स्कॅनमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. मात्र संशयास्पद ठरलेल्या दर १०० निष्कर्षांपैकी सुमारे ९६ कर्करोगाचे नव्हते. अनावश्यक बायोप्सीत फुप्फुसाला छिद्र पडून छातीत हवा साठण्याचा धोका असतो. म्हणून यंत्राने दिलेली टक्केवारी हा सल्ल्याचा आरंभ असतो, शेवट नसतो. रुग्णाचा इतिहास, पूर्वीचा क्षय, घरातील आजार आणि डॉक्टरांचा अनुभव यांच्या जोडीनेच तिला अर्थ येतो.

कुटुंबांनी करण्याजोगी गोष्ट सोपी आहे. छापील अहवालासोबत स्कॅनची सीडी किंवा संगणकीय प्रत मागून घ्यावी आणि दुकानाच्या कागदपत्रांइतक्याच काळजीने तारीखवार जपावी. नवीन गाठ दिसल्यास दहा वर्षांपूर्वीचा एक्स-रेसुद्धा शोधून डॉक्टरांना दाखवावा. पुढील तपासणीची तारीख लग्नसराई वा दिवाळीच्या गर्दीत हुकू देऊ नये. खोकल्यातून रक्त आले, वजन घटू लागले, आवाज बसला, तर त्या तारखेचीही वाट पाहू नये.