बोलता न येणाऱ्याला विचारायचे कसे?

डोंबिवलीतल्या एखाद्या घरात रोज संध्याकाळी पंचविशीतल्या मुलासमोर चहात बुडवलेले बिस्कीट येते. तो ते खातो. अनेक वर्षे हेच चालू आहे. ‘त्याला हेच आवडते,’ असे आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. मुलाला बोलता येत नाही, खुणाही फारशा जमत नाहीत. त्याला बिस्कीट खरोखर आवडते, की त्याच्यासमोर दुसरे काही कधी आलेच नाही?

तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीची आवड शास्त्रीय पद्धतीने शोधता येते. 1985 मध्ये अमेरिकेत गॅरी पेस आणि सहकाऱ्यांनी अशा मुलांसमोर एकेक वस्तू ठेवून मूल तिच्याकडे वळते का, याची नोंद केली. 1992 मध्ये वेन फिशर यांच्या गटाने एका वेळी दोन वस्तू ठेवून त्यातली एक निवडू देण्याची पद्धत मांडली. दरम्यान 1988 मधल्या एका अभ्यासात सांभाळणाऱ्यांचे मत आणि प्रत्यक्ष चाचणी यांची तुलना झाली. दोन्हींची उत्तरे जुळली नाहीत. यात मायेची कमतरता नव्हती. सवयीने आपण आपलीच आवड दुसऱ्याच्या नावावर लिहितो.

ही चाचणी घरीही करता येते. सहा वस्तू निवडाव्यात: खुळखुळा, मऊ कापड, गाणे वाजवणारे खेळणे, चेंडू वगैरे. आधी प्रत्येक वस्तू थोडा वेळ हाताळू द्यावी. मग दोन-दोन वस्तू समोर ठेवाव्यात आणि तो ज्या वस्तूकडे हात नेईल, ती लगेच द्यावी. सहा वस्तूंच्या 15 जोड्या होतात आणि प्रत्येक वस्तू पाच वेळा समोर येते. पाचपैकी चार-पाच वेळा निवडलेली वस्तू ही पक्की आवड. एकाच बैठकीत सगळे संपवण्याची गरज नाही. हात हलत नसेल, तर नजर कुठे स्थिरावते, चेहरा खुलतो की अंग ताठ होते, हे पाहावे.

काही पथ्ये पाळावीत. काही जण नेहमी उजवीकडचीच वस्तू उचलतात. म्हणून जागा बदलत राहावे. खाऊ आणि खेळणी एकत्र ठेवू नयेत; खाऊपुढे खेळणी मागे पडतात. गिळताना ठसका लागत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नवा पदार्थ देऊ नये. ‘तलावपाळीला जायचे की गच्चीवर?’ अशी निवड फोटो समजत असतील तरच फोटोवरून करावी. आवडी बदलतात, म्हणून काही महिन्यांनी चाचणी पुन्हा करावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘नको’ हेही उत्तर माना.

मात्र आवडीची गोष्ट अचानक नाकारली, तर तो हट्ट समजू नये. दातदुखी, कानदुखी, बद्धकोष्ठता, आम्लपित्त यांची तक्रार ही मुले शब्दांत करू शकत नाहीत. आवडीची नोंद असली, की असा बदल लवकर ध्यानात येतो आणि तपासणीही वेळेत होते.

निवड करू दिल्याचा परिणाम वागण्यावरही दिसतो. 1990 च्या एका अभ्यासात गंभीर अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना काम आणि बक्षीस स्वतः निवडू दिले, तेव्हा त्यांचे त्रासदायक वागणे कमी झाले. ओरडणे, चावणे, डोके आपटणे यांमागे अनेकदा ‘मला हे नको’ एवढेच सांगायचे असते.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या पालकांना एक प्रश्न सतत छळतो: ‘आमच्यानंतर काय?’ मूल 18 वर्षांचे झाले, की राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 नुसार कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आणखी पुढे जातो. त्यातले मर्यादित पालकत्व म्हणजे पालक आणि दिव्यांग व्यक्ती यांनी परस्पर समज आणि विश्वास यांवर मिळून निर्णय घेणे. पण ज्याची पसंती कुणी नोंदवलीच नाही, त्याच्यासोबत मिळून निर्णय घेणार तरी कसा?

दिव्यांगत्व प्रमाणपत्रावर टक्के असतात. माणसाला काय हवे, ते नसते. ती माहिती बहुतेक घरांत फक्त आईच्या डोक्यात असते. उद्या आई आजारी पडली, मदतनीस मावशी बदलली किंवा मुलाला निवासी संस्थेत जावे लागले, तर ती तिथेच संपते. त्यासाठी एक साधी वही पुरे. काय आवडते, काय नको, तो ‘हो’ कसे सांगतो, ‘नको’ कसे सांगतो आणि हे शेवटचे कधी तपासले, एवढे त्यात तारखेसह लिहावे. औषधांच्या फाइलसोबत ही वही ठेवली, तर नव्या माणसाला सुरुवात कुठून करायची ते कळेल. बिस्किटाच्या शेजारी एक केळ्याची फोड ठेवून आजच पहिली नोंद करता येईल.