रुळांवरचा अंमल, रुळांखालची जमीन : हैदराबाद संस्थानाविषयीचे काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

हैदराबादच्या आजच्या नकाशावर चिक्कडपल्लीच्या उत्तरेला सिकंदराबाद, दक्षिणेला सुलतान बाजार आणि आग्नेयेकडे काचीगुडा स्थानक अशी तीन ठिकाणे दिसतात. या तिन्हींना जोडणारा रस्ता आज एकाच महानगराचा असला, तरी विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत त्याच रस्त्यावर कायद्याचा अंमल अनेकदा बदलत असे. सिकंदराबादच्या छावणीत ब्रिटिशांची न्यायालये चालत, सुलतान बाजाराचा परिसर ‘रेसिडेन्सी बाजार’ म्हणून ब्रिटिश रेसिडेंटच्या, म्हणजे निजामाच्या दरबारी नेमलेल्या ब्रिटिश प्रतिनिधीच्या अखत्यारीत होता, आणि लोहमार्गावर आणखी तिसरीच व्यवस्था लागू होती. चिक्कडपल्लीसारख्या या हद्दींबाहेरच्या भागात मात्र निजामाची साधी न्यायालये होती. रेसिडेन्सी बाजार १९३३ मध्ये आणि सिकंदराबादचा मोठा भाग दुसऱ्या महायुद्धानंतर निजामाकडे परत आला. या गुंतागुंतीतून काही समजुती तयार झाल्या आणि जुन्या संस्थानी प्रदेशात, मराठवाड्यातही, त्या अजून ऐकू येतात. त्या बहुतेक सगळ्यांच्या मुळाशी एकच घोटाळा आहे : जमिनीची मालकी, तिच्यावर न्यायदानाचा अधिकार आणि तिच्यावरचे सार्वभौमत्व, म्हणजे अंतिम राजसत्ता, या तीन वेगळ्या गोष्टी एकच समजल्या जातात.

गैरसमज : रेल्वेची हद्द म्हणजे इंग्रजांची हद्द

निजामाच्या राज्यात डब्यात पाऊल ठेवले की प्रवासी ब्रिटिश हिंदुस्थानात जात असे आणि फलाटावरून बाहेर पडला की पुन्हा निजामाच्या मुलखात येत असे, ही समजूत सर्वांत पक्की आहे. ती निराधार नाही, कारण १८८० च्या दशकात निजाम सरकारने लोहमार्गाच्या पट्ट्यावरील दिवाणी आणि फौजदारी अधिकार ब्रिटिश सरकारला दिले होते आणि त्या पट्ट्यात ब्रिटिश कायदे व ब्रिटिश मॅजिस्ट्रेट यांचा अंमल चालू झाला होता. अनेक संस्थानांतून जाणाऱ्या गाडीत चोरी झाली, तर ती नेमकी कोणत्या राजाच्या हद्दीत झाली हे शोधत बसण्यापेक्षा संपूर्ण मार्गावर एकच कायदा असावा, हा त्यामागचा व्यवहारी हेतू होता.

या अधिकाराची मर्यादा कोठे संपते, हे ठरवणारा खटला ‘मुहम्मद यूसुफुद्दीन विरुद्ध क्वीन-एम्प्रेस’ या नावाने ओळखला जातो. हैदराबादच्या पश्चिमेला, वाडीकडे जाणाऱ्या मार्गावर शंकरपल्ली हे स्थानक आहे. निजामाचा प्रजाजन असलेल्या यूसुफुद्दीन यांना तेथे रेल्वेच्या हद्दीत अटक झाली ती शिमल्याच्या मॅजिस्ट्रेटने काढलेल्या वॉरंटवर. वॉरंट म्हणजे न्यायालयाने अटकेसाठी दिलेला लेखी हुकूम, आणि तो काढणाऱ्या न्यायालयाचा अधिकार जेथपर्यंत पोहोचतो तेथपर्यंतच तो बजावता येतो. शिमला ब्रिटिश हिंदुस्थानात होते आणि शंकरपल्ली निजामाच्या राज्यात. आरोपाचा रेल्वेशी काडीचाही संबंध नव्हता. गुन्हा गाडीत घडलेला नव्हता, फलाटावर घडलेला नव्हता, रेल्वेच्या मालाविषयी किंवा नोकरांविषयीही नव्हता. तरीही अटक स्थानकावर झाली आणि स्थानकावर ब्रिटिशांचा अंमल आहे, एवढ्या आधारावर तिचे समर्थन केले गेले.

प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले. प्रिव्ही कौन्सिलची न्यायिक समिती ही ब्रिटिश साम्राज्याच्या वसाहतींतून आणि ब्रिटिश हिंदुस्थानातून येणाऱ्या अपिलांचे अंतिम न्यायालय होती. १८९७ मध्ये लॉर्ड चान्सलर हॅल्सबरी यांनी दिलेल्या निकालात अटक बेकायदा ठरली. निकालाचा गाभा असा की, रेल्वेची जमीन ब्रिटिशांना अधिकार मिळाल्यानंतरही निजामाच्या राज्याचाच भाग राहिली, ती ब्रिटिश हिंदुस्थान झाली नाही. तेथे ब्रिटिश सरकारला जो अधिकार आहे तो केवळ निजामाच्या देणगीतून आलेला आहे. म्हणून देणाऱ्याने जेवढे दिले तेवढेच घेणाऱ्याला मिळाले, आणि येथे दिलेला अधिकार रेल्वेच्या कारभारापुरता होता. व्हाइसरॉयने आपल्या अधिसूचनेत, म्हणजे राजपत्रात छापलेल्या हुकुमात, शब्द कितीही व्यापक वापरले, तरी मूळ देणगीपलीकडे तो अधिकार वाढत नाही.

या निकालाचे महत्त्व त्याच्या काळाकडे पाहिल्यावर अधिक जाणवते. १८९७ हे ब्रिटिश साम्राज्याच्या ऐन भरातले वर्ष होते, आणि त्याच साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने आपल्याच सरकारला सांगितले की संस्थानिकाच्या जमिनीवरून रूळ टाकल्याने ती जमीन आपली होत नाही. अर्थात त्यातून निजामाचे राजकीय स्वातंत्र्य वाढले असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. रेसिडेंटचा शब्द दरबारात पूर्वीसारखाच वजनदार राहिला. बदलले ते एवढेच की, संस्थानच्या प्रजाजनाला पकडायचे असेल तर प्रत्यार्पणाचा, म्हणजे एका राज्याने दुसऱ्या राज्याकडे आरोपी रीतसर सोपवण्याचा मार्ग धरावा लागेल, आणि त्यासाठी निजाम व ब्रिटिश सरकार यांच्यात १८६७ पासून करार होताच. फलाट हा त्या कराराला वळसा घालण्याचा आडमार्ग ठरू शकत नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले.

गैरसमज : ही रेल्वे मुळात इंग्रजांचीच होती

वाडी ते सिकंदराबाद हा मार्ग १८७४ मध्ये सुरू झाला तो ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या मुंबई–रायचूर मार्गाला जोडण्यासाठी, आणि त्यात ब्रिटिशांचे लष्करी हित उघड होते, कारण सिकंदराबादची छावणी त्यामुळे मुंबईशी जोडली जाणार होती. पण पैसा मुख्यतः निजामाच्या राज्याचा होता. पुढे १८८३ च्या सुमारास ही मालमत्ता लंडनमध्ये उभारलेल्या कंपनीकडे गेली आणि भांडवलावर वीस वर्षे पाच टक्के व्याज देण्याची हमी संस्थानाने घेतली. ‘निझाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे’ या नावातली ‘गॅरंटी’ ती हीच. म्हणजे तोटा झाला तर भरपाई हैदराबादच्या खजिन्यातून होणार होती. रेल्वे चांद्याकडे नेण्याच्या या योजनेच्या अटी उघड कराव्यात अशी मागणी त्या वेळी शहरात झाली आणि त्या चळवळीत पुढे असलेले अघोरनाथ चट्टोपाध्याय, म्हणजे सरोजिनी नायडूंचे वडील, यांना संस्थानाबाहेर काढले गेले. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडमार्गे सिकंदराबादला येणारा मीटरगेजचा मार्ग त्यानंतरच्या काळात, शतक बदलण्याच्या सुमारास, पुरा झाला, आणि मराठवाड्याचा हैदराबादशी रोजचा संबंध खऱ्या अर्थाने त्याने घडवला. १९३० मध्ये राज्याने कंपनीकडून रेल्वे आपल्या ताब्यात घेतली आणि १९५१ मध्ये ती भारतीय रेल्वेच्या मध्य विभागात सामील झाली. मालकी अशी हातोहात फिरली, तरी रुळांखालच्या भूमीवरचे सार्वभौमत्व १८७४ पासून संस्थान भारतात सामील होईपर्यंत एकाच जागी होते.

गैरसमज : वऱ्हाड इंग्रजांना कायमचे दिले गेले

रेल्वेच्या खटल्यातले तत्त्व मोठ्या प्रमाणावर पाहायचे असेल तर वऱ्हाडकडे पाहावे. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ हा प्रदेश १८५३ च्या तहाने ब्रिटिशांकडे गेला तो हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चासाठी. तो लावून दिला गेला, तोडून दिला गेला नाही. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर त्याचा कायमचा पट्टा करून घेतला आणि कारभार मध्य प्रांताला जोडला. ‘कायमचा’ या शब्दामुळे प्रदेश ब्रिटिश झाला अशी समजूत पसरली, ती चूक आहे. पट्टा कायमचा असला तरी पट्टाच असतो. म्हणूनच वऱ्हाडात ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे आपोआप लागू होत नसत. परदेशी हद्दीतील अधिकाराविषयीच्या हुकुमांखाली ते वेगळे लावावे लागत. १९३६ मध्ये नागपूर उच्च न्यायालय स्थापन झाले आणि वऱ्हाडचे दावे त्याच्याकडे गेले, पण त्याच वर्षीच्या करारात वऱ्हाडवरील निजामाचे सार्वभौमत्व पुन्हा मान्य करून त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब दिला गेला. त्या किताबाने वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर काही फरक पडला नाही, हेही खरे.

गैरसमज : हैदराबादच्या कोर्टावर अपील लंडनला जाई

यूसुफुद्दीन यांचे प्रकरण लंडनला गेले म्हणून हैदराबादच्या सर्वच निकालांवर प्रिव्ही कौन्सिलकडे अपील चालत असावे, असा तर्क केला जातो. प्रत्यक्षात ते प्रकरण तेथे पोहोचले ते शिमल्याच्या वॉरंटमुळे, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानच्या न्यायालयांच्या मार्गाने. निजामाच्या राज्याचे स्वतःचे उच्च न्यायालय होते, ज्याची मुसी नदीच्या काठावरची लाल दगडी इमारत १९२० मध्ये वापरात आली. तेथील कामकाज उर्दूत चाले, तारखा फसली सनात, म्हणजे महसुली वर्षगणनेत, पडत, आणि बीड किंवा उस्मानाबादच्या मराठी पक्षकाराला आपल्याच शेताचा निकाल वकिलाकडून समजून घ्यावा लागे. उच्च न्यायालयाच्या वर संस्थानची स्वतःची ज्युडिशियल कमिटी होती आणि तेथे साखळी संपत असे.

ही साखळी तुटली ती राज्यघटनेने. अनुच्छेद ३७४ च्या चौथ्या खंडाने संस्थानांतील अशा ‘प्रिव्ही कौन्सिलां’चा अधिकार संपवला आणि त्यांच्यापुढील प्रलंबित प्रकरणे सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग केली. पण २६ जानेवारी १९५० पूर्वीच संपलेल्या प्रकरणांचे काय, हा प्रश्न ‘जनार्दन रेड्डी विरुद्ध हैदराबाद राज्य’ या खटल्यात उभा राहिला. तेलंगणातील शेतकऱ्यांच्या सशस्त्र लढ्याच्या काळातील आरोपींना विशेष न्यायाधिकरणांनी दिलेली फाशी हैदराबाद उच्च न्यायालयाने डिसेंबर १९४९ मध्ये कायम केली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये सांगितले की, घटना लागू होण्यापूर्वी दिलेले हे निकाल ‘भारताच्या राज्यक्षेत्रातील’ न्यायालयाचे मानता येत नाहीत, म्हणून अनुच्छेद १३६ खालील विशेष परवानगीचे अपील येथे चालणार नाही. उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत भारताची हैदराबादवरील सैनिकी कारवाई होऊन सव्वा वर्ष लोटले होते, तरी न्यायालयाच्या दृष्टीने रेषा घटना लागू होण्याच्या तारखेचीच होती. काही आठवड्यांच्या फरकावर माणसांचा जीव टांगणीला लागावा, ही त्या निकालाची कठोर बाजू आहे. कायद्याच्या अर्थाने मात्र तो यूसुफुद्दीन खटल्याच्याच रांगेत बसतो, कारण दोन्हीकडे प्रश्न एकच होता : भूमी कोणाची आणि केव्हापासून.

जहागिरींविषयीही असाच एक छोटा गैरसमज आहे. जहागीरदार हा गावच्या सर्व जमिनीचा मालक होता असे मानले जाते, पण जहागीर म्हणजे मुख्यतः सारा वसूल करण्याचा हक्क. जमीन कसणाऱ्या रयतेचा हक्क त्याहून निराळा. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या तेव्हा वसुलीचा तो हक्क सरकारकडे गेला, शेतकऱ्याची जमीन नव्हे.

गैरसमज : औरंगाबादचे खंडपीठ हे वेगळे उच्च न्यायालय

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हैदराबाद राज्य तीन भागांत वाटले गेले. तेलंगण आंध्रात, कन्नडभाषक जिल्हे म्हैसूरमध्ये आणि मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि पक्षकाराला मुसीच्या काठाऐवजी मुंबईच्या फोर्टमध्ये जावे लागू लागले. मनमाडला गाडी बदलून मुंबई गाठण्याचा हा खर्च आणि त्रास हीच औरंगाबादला खंडपीठ मिळावे या पुढच्या मागणीची खरी पार्श्वभूमी आहे. पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१ मध्ये दोन वेगळे मार्ग आहेत : उपकलम दोनप्रमाणे राष्ट्रपती कायमचे खंडपीठ स्थापन करू शकतात, आणि उपकलम तीनप्रमाणे मुख्य न्यायाधीश राज्यपालांच्या संमतीने न्यायाधीशांना अन्य ठिकाणी बसवू शकतात. दोन्हींत न्यायालय एकच राहते, बसण्याची जागा तेवढी बदलते. २७ ऑगस्ट १९८१ रोजी उपकलम तीनचा वापर करून औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, न्यायाधीश बसू लागले. त्याला आव्हान मिळाले आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो हुकूम रद्द केला; पण ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध नारायण शामराव पुराणिक’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये मुख्य न्यायाधीशांचा अधिकार मान्य केला. १९८४ मध्ये उपकलम दोनखाली ते खंडपीठ कायम झाले. १८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापूरला सुरू झालेले सर्किट बेंचही याच कलमाच्या तिसऱ्या उपकलमावर उभे आहे.